क्रिप्टोच्या जाहिरातींवर बंदी आली की क्रिप्टोच्या डोमेन नावांची किंमत खरोखर पडते का?

अक्षरनाम (धागालेखक)

नमस्कार. क्रिप्टोशी संबंधित डोमेन नावांची, म्हणजे संकेतस्थळांच्या पत्त्यांची, एक वही मी २०१७ च्या अखेरीपासून ठेवतो आहे. कोणते नाव कधी घेतले, त्यावर वर्षाला किती खर्च झाला, पार्किंगमधून (म्हणजे रिकाम्या नावावर दुसऱ्याच्या जाहिराती दाखवून) किती आले, कोणी विचारणा केली आणि बोलणी कुठे थांबली, हे सगळे तिच्यात आहे. नूतनीकरणाच्या सूचना आल्या म्हणून गेल्या आठवड्यात ती पुन्हा चाळली. जाहिरातबंदीची बातमी आली की आपण नावे बाळगणारे लोक 'आता सगळे संपले' असे एका सुरात म्हणतो. माझ्या नोंदींत मात्र सगळी नावे सारखी पडलेली दिसत नाहीत. काही नावांची कमाई दोन महिन्यांत आटली, तर काही मोजक्या नावांबद्दलच्या विचारणा बंदीच्या काळातच आल्या. असे का झाले असावे याबद्दल मला जे वाटते ते इथे मांडतो. कुठे चुकत असेन तर जरूर सांगावे.

आधी घटनाक्रम. डिसेंबर २०१७ मध्ये बिटकॉइन २०,००० डॉलरच्या जवळ पोचले, तेव्हा 'कॉइन', 'टोकन', 'ब्लॉक' किंवा 'चेन' यांपैकी एखादा शब्द असलेले जे मिळेल ते नाव लोक नोंदवत होते. ३० जानेवारी २०१८ रोजी फेसबुकने क्रिप्टोचलन, नव्या टोकनांची (म्हणजे नव्या डिजिटल नाण्यांची) प्रारंभिक विक्री आणि बायनरी ऑप्शन (भाव वर जाईल की खाली यावरची बाजी) यांच्या जाहिराती बंद केल्या. १४ मार्चला गुगलने तशीच घोषणा केली आणि जूनपासून ती अमलात आणली. तिच्यात एक्स्चेंज (क्रिप्टोच्या खरेदी-विक्रीचे मंच), वॉलेट (क्रिप्टो ठेवायची डिजिटल पाकिटे) आणि खरेदी-विक्रीचा सल्ला देणाऱ्या सेवाही होत्या. मार्च संपण्याआधी ट्विटर आणि पुढे मायक्रोसॉफ्टचे बिंगही त्याच वाटेने गेले. नंतर दारे हळूहळू किलकिली झाली. फेसबुकने जून २०१८ अखेर पूर्वपरवानगी घेणाऱ्यांना मुभा दिली, गुगलने त्याच वर्षी ऑक्टोबरपासून अमेरिका आणि जपानमधल्या नियमनाखालील एक्स्चेंजना परवानगी दिली आणि ऑगस्ट २०२१ पासून अमेरिकेसाठीचे निकष आणखी बदलले. म्हणजे ज्याला आपण सरसकट 'बंदी' म्हणतो तिच्यातला पूर्ण मनाईचा काळ फार थोडा आहे. त्यानंतर उरली ती परवाना असलेल्यांना प्रवेश देणारी चाळणी.

आता माझे म्हणणे. नावाची किंमत दोन ठिकाणांहून येते. एक, त्या नावावर येणाऱ्या माणसांच्या नजरेसमोर दुसऱ्याच्या जाहिराती लावून मिळणारे पैसे. दोन, एखाद्या कंपनीला ते नाव स्वतःची ओळख म्हणून हवे असणे. जाहिरातबंदी पहिला स्रोत थेट कापते. दुसऱ्या स्रोतावर तिचा परिणाम उलटाही होऊ शकतो, कारण ज्या कंपनीला शोधयंत्रावर आणि समाजमाध्यमांवर जागा विकत घेता येत नाही, तिला ग्राहकाच्या लक्षात राहील आणि तो स्वतःहून टाइप करेल असा पत्ता अधिक गरजेचा होतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण क्रिप्टो डॉट कॉम हेच आहे. मॅट ब्लेझ या संगणकशास्त्रज्ञांनी हे नाव १९९३ मध्ये नोंदवले होते, आणि त्यांच्या लेखी 'क्रिप्टो' म्हणजे क्रिप्टोग्राफी, म्हणजे सांकेतिक लेखनाचे शास्त्र. तेजीच्या काळात त्यांच्याकडे विचारणांचा पाऊस पडला तरी नाव विकायचे नाही असेच ते सांगत राहिले. जुलै २०१८ मध्ये, म्हणजे गुगलची बंदी लागू झाल्यानंतर आणि बाजार सहा महिने घसरत असताना, मोनॅको नावाच्या क्रिप्टो कंपनीने ते मिळवले आणि स्वतःचे नावही तेच करून टाकले. त्याआधी त्यांचा पत्ता मोना डॉट को असा होता. व्यवहाराची रक्कम तेव्हा जाहीर झाली नाही, पण त्या काळात आणि त्या परिस्थितीत असा व्यवहार होणे हेच मला महत्त्वाचे वाटते. जाहिरातीची दारे बंद असताना त्यांनी सगळी बाजी नावावर लावली.

माझ्या वहीतल्या नावांना ही पातळी अर्थातच नाही. तरीही प्रत्येक नावाला 'तुझे मोल पहिल्या प्रकारचे की दुसऱ्या?' असे विचारता येते, आणि माझ्या मते नूतनीकरणाचा निर्णय त्याच उत्तरावर घ्यायला हवा. आपले अनुभव वाचायला आवडतील.

नोंदवही

धागा आवडला. पार्किंगबद्दल माझ्याकडे थोडी अधिक माहिती आहे, कारण मी या व्यवसायात त्याच अंगाने आलो.

पार्किंगच्या पानावर दिसणाऱ्या जाहिराती नावाचा मालक स्वतः आणत नाही. पार्किंग सेवा त्या काळी त्या मोठ्या जाहिरातपुरवठादाराकडून, बहुतेक वेळा गुगलकडूनच, घेत असे. जाहिरातदार शब्दांवर बोली लावत असे, पाहुणा क्लिक करत असे आणि त्या पैशातला वाटा पार्किंग सेवेमार्फत आपल्यापर्यंत पोचत असे. त्यामुळे गुगलने एखाद्या विषयाच्या जाहिराती थांबवल्या की ती मनाई फक्त शोधाच्या निकालांपुरती राहत नसे. त्याच साठ्यावर चालणारी हजारो पार्किंगची पाने त्याच दिवशी कोरडी पडत. पान मोकळे दिसत नसे हे खरे, कारण तिथे कर्जाच्या किंवा सर्वसाधारण गुंतवणुकीच्या जाहिराती येत. पण वॉलेट शोधत आलेला माणूस त्यांवर क्लिक करत नसे.

एक जपून ठेवण्यासारखी नोंद सांगतो. २०१८ च्या उन्हाळ्यात माझ्या क्रिप्टो नावांवरची कमाई घसरली, तेव्हा मी दोन आकडे वेगळे काढले: महिन्याला येणारे पाहुणे आणि दर पाहुण्यामागे मिळणारे पैसे. पाहुण्यांची संख्या जानेवारीपासूनच उतरत होती, पण हळूहळू. दर पाहुण्यामागची कमाई मात्र मेपर्यंत बऱ्यापैकी टिकली आणि जून-जुलैमध्ये एकदम कोसळली. पहिली घसरण बाजाराची आणि दुसरी बंदीची, असे मी तेव्हापासून मानत आलो आहे. ज्यांच्याकडे जुन्या नोंदी असतील त्यांनी हे दोन आकडे वेगवेगळे मांडून पाहावेत, कारण एकत्रित बेरजेत हा फरक बुडून जातो.

उलटतपासणी

अक्षरनाम यांची मांडणी नीटस आहे, पण मला ती पूर्ण पटलेली नाही.

पहिला आक्षेप कारणमीमांसेचा. डिसेंबर २०१७ मध्ये २०,००० डॉलरच्या जवळ असलेले बिटकॉइन डिसेंबर २०१८ मध्ये ३,२०० डॉलरच्या आसपास आले. एवढी पडझड झाली असताना नावांच्या किमती पडल्या त्या जाहिरातबंदीमुळे, हे कशावरून ठरवायचे? बंदी नसती तरी त्या पडल्याच असत्या. नोंदवही यांनी पार्किंगच्या कमाईपुरते दोन परिणाम वेगळे करून दाखवले ते मान्य. पण नावाची विक्रीची किंमत आणि पार्किंगची कमाई या गोष्टी एक नव्हेत.

दुसरा आक्षेप उदाहरणांच्या निवडीचा. आपल्यासमोर येतात त्या फक्त झालेल्या आणि जाहीर झालेल्या विक्री. ज्या नावांना कोणी विचारले नाही, जी मालकांनी मुदत संपू दिली आणि जी मुकाट्याने नोंदणीच्या यादीतून गळून पडली, त्यांची यादी कोणी छापत नाही. क्रिप्टो डॉट कॉमवरून आपल्या साध्या नावांबद्दल काही ठरवणे म्हणजे लॉटरी लागलेल्या माणसाकडे पाहून तिकिटाची किंमत ठरवण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट आक्षेपापेक्षा कसोटी आहे. बंदीने नावाचे महत्त्व वाढते असे म्हणायचे असेल, तर जाहिराती मोकळ्या झाल्यावर ते कमी व्हायला हवे. तसे झाले का?

अक्षरनाम (धागालेखक)

उलटतपासणी, तिसऱ्या मुद्द्यासाठी तुमचे विशेष आभार, कारण त्यामुळे मला माझेच म्हणणे तपासून पाहता आले.

जाहिरातींचा सर्वांत मोकळा काळ म्हणजे २०२१ चा उत्तरार्ध आणि २०२२ ची सुरुवात. नोव्हेंबर २०२१ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या एका मोठ्या क्रीडागृहाला २० वर्षांसाठी क्रिप्टो डॉट कॉमचे नाव देण्याचा करार झाला आणि त्याची रक्कम ७० कोटी डॉलर असल्याचे सांगण्यात आले. १३ फेब्रुवारी २०२२ च्या सुपर बोल या अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात कॉइनबेस, एफटीएक्स, क्रिप्टो डॉट कॉम आणि ईटोरो अशा क्रिप्टोचा व्यवहार करणाऱ्या चार कंपन्यांच्या जाहिराती झळकल्या. त्यांतली कॉइनबेसची जाहिरात आपल्या विषयासाठी फार महत्त्वाची आहे. जवळपास पूर्ण मिनिटभर पडद्यावर फक्त एक क्यूआर कोड तरंगत होता आणि कंपनीचे नाव अगदी शेवटी आले. कोणी पत्ता टाइप करावा अशी त्यात अपेक्षाच नव्हती, आणि तरीही इतकी माणसे एकदम आली की त्यांचे संकेतस्थळ काही वेळ बंद पडले. ज्याला एवढी जागा विकत घेता येते त्याला वर्णनात्मक डोमेन नावाची फारशी गरज उरत नाही, हे मला यातून दिसते.

माझ्या वहीतही त्या काळात किमतींची चर्चा वाढली होती. पण विचारणा करणारे बहुतेक आपल्यासारखेच नावे घेऊन पुढे विकणारे होते. प्रत्यक्ष वापरणारी कंपनी त्यांत क्वचितच असे. किंमत फुगलेली दिसत होती आणि खरा ग्राहक मात्र विरळ होता.

पडझडीच्या काळातले एक उदाहरण मला अजूनही नीट उलगडलेले नाही, तेही सांगून टाकतो. एनएफटीज डॉट कॉम हे नाव ऑगस्ट २०२२ मध्ये १.५ कोटी डॉलरला विकले गेले, आणि तोपर्यंत एनएफटीचा, म्हणजे डिजिटल वस्तूंच्या मालकीहक्काच्या टोकनांचा, बाजार चांगलाच उतरला होता. तिथे बंदीचा काही संबंध नसावा. एका संपूर्ण प्रकाराचे अनेकवचनी नाव एकच असते आणि ते घेणाऱ्याने दूरचा विचार केला असावा, एवढेच मी म्हणू शकतो.

निवडीबद्दलचा तुमचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच मी माझ्या गळून पडलेल्या नावांचीही नोंद ठेवतो.

नियमवाचक

आतापर्यंतच्या चर्चेत एक मोठा फरक राहून गेला आहे. कंपन्यांनी आपल्या मंचावर घातलेली बंदी आणि कायद्याने किंवा नियामकाने घातलेले बंधन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि डोमेन नावावर त्यांचे परिणाम वेगळे होतात. फेसबुक किंवा गुगल फक्त स्वतःच्या अंगणापुरते नियम करू शकतात. तुमच्या संकेतस्थळावर तुम्ही काय लिहिता यावर त्यांचा अधिकार नाही. नियामकाचा तो असू शकतो.

तीन उदाहरणे देतो, कारण ती तीन दिशांना जातात.

सिंगापूरच्या मौद्रिक प्राधिकरणाने १७ जानेवारी २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार डिजिटल टोकनांची सेवा देणाऱ्यांनी सार्वजनिक वाहतुकीत, इतरांच्या संकेतस्थळांवर, वर्तमानपत्रांत किंवा समाजमाध्यमांवरील प्रभावी व्यक्तींमार्फत आपला प्रचार करू नये. प्रचाराला मोकळ्या ठेवलेल्या जागा तीनच: स्वतःचे संकेतस्थळ, स्वतःचे ॲप आणि स्वतःची अधिकृत समाजमाध्यम खाती. म्हणजे तिथे स्वतःचा पत्ता ही प्रचाराच्या मोजक्या वैध जागांपैकी एक झाली. अक्षरनाम यांचे म्हणणे सर्वांत चपखल बसते ते इथे.

ब्रिटनमध्ये उलट घडले. ८ ऑक्टोबर २०२३ पासून तिथल्या वित्तीय आचार प्राधिकरणाच्या नियमांखाली क्रिप्टोचा प्रचार आला, आणि प्रचार या शब्दात संकेतस्थळ, ॲप आणि समाजमाध्यमांवरच्या नोंदी हे सगळेच धरले गेले. कंपनी जगात कुठेही असली तरी ब्रिटनमधल्या ग्राहकाला उद्देशून ती बोलत असेल तर हे नियम तिला लागू होतात. धोक्याचा ठळक इशारा हवा, मित्राला आणल्याबद्दल बक्षीस देता येत नाही, पहिल्यांदा येणाऱ्या ग्राहकाला २४ तास विचारासाठी द्यावे लागतात, आणि नियम मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. अशा ठिकाणी उत्तम नाव घेऊन जाहिरातबंदीला वळसा घालता येत नाही, कारण त्या नावाखालचे पानच जाहिरात ठरते. तिथे नावाला मोल आहे ते परवानगी असलेल्या कंपनीच्या हातात. बाकीच्यांच्या हातात ते जोखमीचे ओझे आहे.

तिसरे उदाहरण भारतातल्या जाहिरात मानक परिषदेचे, आणि डोमेनवाल्यांनी ते जरा थांबून वाचावे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तिच्या मार्गदर्शक तत्त्वांत धोक्याच्या इशाऱ्याबरोबर आणखी एक अट आहे. 'करन्सी', 'सिक्युरिटीज', 'कस्टोडियन' आणि 'डिपॉझिटरीज' हे चार शब्द आभासी मालमत्तेच्या जाहिरातीत वापरू नयेत, कारण ग्राहक त्यांचा संबंध नियमनाखालच्या उत्पादनांशी जोडतात. आता ज्या नावातच 'करन्सी' आहे ते नाव घेणाऱ्याने आपली जाहिरात करायची कशी? पत्ता छापला की निषिद्ध शब्द छापला गेला. हे बंधन स्वयंनियमनाचे आहे हे खरे, पण एखाद्या गंभीर खरेदीदाराचा वकील ते वाचल्याशिवाय राहणार नाही. नाव कितीही अचूक वर्णन करणारे असले तरी एक शब्द त्याचा ग्राहकवर्ग आकसून टाकू शकतो.

म्हणून माझी विनंती अशी की 'बंदी आली' असे न म्हणता कोणी घातली, कशावर घातली आणि स्वतःचे संकेतस्थळ तिच्या आत आहे की बाहेर, एवढे तीन प्रश्न आधी विचारावेत.

जुनी_पाटी

क्रिप्टोपुरते पाहिले तर आपल्याकडे जेमतेम काही वर्षांचा अनुभव आहे. जाहिरातबंदी दीर्घकाळ सोसलेले दुसरे क्षेत्र म्हणजे ऑनलाइन जुगार, आणि त्या नावांचा इतिहास मी सुरुवातीपासून पाहिला आहे.

२००४ मध्ये गुगल आणि याहू या दोघांनीही जुगाराच्या जाहिराती घेणे थांबवले. २००६ मध्ये अमेरिकेत बेकायदा इंटरनेट जुगाराशी संबंधित पैशांच्या व्यवहारांवर कायद्याने निर्बंध आले, म्हणजे जाहिरातीपाठोपाठ पैशाचा मार्गही अडला. यानंतर या क्षेत्रातली नावे मातीमोल व्हायला हवी होती. प्रत्यक्षात स्लॉट्स डॉट कॉम हे नाव २०१० मध्ये ५५ लाख डॉलरला विकले गेले. बंदीआधीच्या मोकळ्या काळात, २००३ मध्ये, कॅसिनो डॉट कॉमलाही ५५ लाखच मिळाले होते. दोन विक्रींवरून नियम बांधता येत नाही हे मला कळते, पण सहा वर्षांच्या जाहिरातबंदीनंतरही पहिल्या फळीतल्या नावाला तोच भाव मिळाला हे दुर्लक्ष करण्यासारखे नाही.

त्याच काळात मधल्या फळीचे काय झाले तेही सांगतो, कारण मी स्वतः तिथे उभा होतो. माझ्याकडे 'सर्वोत्तम', 'मोफत', 'ऑनलाइन' असे शब्द पुढेमागे जोडलेली जुगाराची बरीच नावे होती. ती शोधयंत्रात वर येत असत म्हणून संलग्न विक्री करणारे, म्हणजे ग्राहक दुसऱ्याच्या स्थळाकडे पाठवून दलाली घेणारे, ती घेत. सप्टेंबर २०१२ मध्ये गुगलने आपल्या क्रमवारीत बदल केला आणि शोधशब्दाशी तंतोतंत जुळणाऱ्या, पण आत दर्जेदार मजकूर नसलेल्या नावांचा तो फायदा काढून घेतला. जाहिरातबंदीत तगलेली माझी नावे त्या एका बदलाने गेली. त्यामुळे मधल्या फळीला जाहिरातबंदीचा फायदा मिळेल या आशेवर कोणी बसू नये. फुकट वाट आणि विकतची वाट या दोन्ही एकाच मालकाच्या हातात असतात.

नवा_सभासद

मी या क्षेत्रात नवीन आहे, म्हणून एक साधा प्रश्न विचारतो. माझ्याकडे तीन नावे आहेत. प्रत्येकात एका प्रसिद्ध टोकनाचे नाव आणि पुढे 'खरेदी करा' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द आहे. त्यांतल्या एकात मध्ये आडवी रेघही आहे. दोन वर्षांत एकही विचारणा आलेली नाही. ठेवावीत की सोडावीत?

नोंदवही

सोडावीत, असे मी स्पष्टच सांगेन. असे नाव कोणाला हवे असते? जाहिरातीतून वाहतूक आणून ती पुढे एखाद्या एक्स्चेंजकडे वळवणाऱ्या मध्यस्थाला. आज जाहिरातीची परवानगी प्रमाणपत्र घेतलेल्या कंपनीला मिळते, मध्यस्थाला ती सहजासहजी मिळत नाही. शिवाय जाहिरातीत दिसणारा पत्ता आणि क्लिक केल्यावर उघडणारे पान एकाच डोमेनवर असले पाहिजे, असा गुगलचा नियम आहे. परवाना असलेली कंपनी तुमचे नाव विकत घेऊन ते नुसते स्वतःच्या स्थळाकडे वळवू म्हणेल, तर त्या नावाने तिला जाहिरात करता येणार नाही.

खर्चाकडेही पाहावे. डॉट कॉमचा घाऊक दर २०२१ पर्यंत ७.८५ डॉलर होता. तो दरवर्षी वाढत सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाला, आणि निबंधकाचे, म्हणजे नाव नोंदवून देणाऱ्या कंपनीचे, शुल्क त्यावर वेगळे. तीन नावांना हा फरक जाणवणार नाही. तीनशे नावे असतील तर प्रत्येक वर्षाची चालढकल मोजून घ्यावी लागते.

नियमवाचक

नवा_सभासद, एक भर घालतो. 'प्रसिद्ध टोकन' म्हणजे नेमके काय, हे तपासा. बिटकॉइनसारखा शब्द कोणा एकाच्या मालकीचा नाही असे साधारणपणे मानले जाते, पण एखाद्या कंपनीने चालवलेल्या टोकनाचे किंवा एक्स्चेंजचे नाव नोंदलेले व्यापारचिन्ह असू शकते. १९९९ मध्ये आयकॅन या डोमेन नावांची व्यवस्था पाहणाऱ्या जागतिक संस्थेने स्वीकारलेल्या तंटानिवारण धोरणानुसार नाव गोंधळ निर्माण करण्याइतके सारखे आहे, त्यावर तुमचा न्याय्य हक्क नाही आणि ते वाईट हेतूने नोंदवले व वापरले आहे, अशा तिन्ही गोष्टी चिन्हाच्या मालकाने सिद्ध केल्या तर ते नाव तुमच्याकडून जाते. त्या नावावर प्रतिस्पर्ध्यांच्या जाहिराती लावून पार्किंगचे पैसे घेतले असतील तर तेच तुमच्या विरोधातला पुरावा ठरू शकते.

जून २०१९ मध्ये फेसबुकने लिब्रा या चलनाची घोषणा केली, तेव्हा कित्येकांनी तो शब्द असलेली नावे घाईने घेतली. डिसेंबर २०२० मध्ये त्या प्रकल्पाचेच नाव बदलून डिएम झाले आणि २०२२ च्या सुरुवातीला तोही मोडीत निघाला. व्यापारचिन्हाची जोखीम पत्करून घेतलेल्या त्या नावांमागचे कारणच राहिले नाही.

मुखपृष्ठ

त्याच जून २०१९ मधली दुसरी एक बातमी इथे कोणीच काढली नाही याचे आश्चर्य वाटते. ब्लॉक डॉट वन या क्रिप्टो कंपनीने व्हॉइस डॉट कॉम हे नाव मायक्रोस्ट्रॅटेजी या सॉफ्टवेअर कंपनीकडून ३ कोटी डॉलरला घेतले. त्या नावात 'कॉइन' नाही, 'ब्लॉक' नाही, 'क्रिप्टो'ही नाही. रोजच्या वापरातला एक साधा शब्द आहे.

मला यातून असे वाटते की जाहिरातबंदीचा एक परिणाम आपण मोजतच नाही. 'क्रिप्टो' किंवा 'कॉइन' हे शब्द असलेले पान चाळणीत अडकण्याची भीती असेल, तर ज्याच्याकडे पैसा आहे तो खरेदीदार त्या शब्दांपासून दूर सरकतो आणि अर्थाने मोकळे असलेले नाव निवडतो. उद्या त्याला व्यवसाय बदलायचा झाला तरी ते नाव चालते. असे असेल तर आपल्या वह्यांतली क्रिप्टोची नावे दोन्ही बाजूंनी दाबली जात आहेत: खालून मध्यस्थ गेला आणि वरून मोठा ग्राहक दुसऱ्या शब्दांकडे वळला.

अक्षरनाम (धागालेखक)

मुखपृष्ठ, हा विचार मी केला नव्हता, आणि तो माझ्या मूळ मांडणीला मर्यादा घालतो हे मान्य करतो. बंदीमुळे लक्षात राहणाऱ्या नावाची गरज वाढते, एवढे मी म्हटले होते. ते नाव क्रिप्टोचेच असावे असे त्यातून निघत नाही. क्रिप्टो डॉट कॉम हा संपूर्ण क्षेत्राचा एकमेव शब्द असल्यामुळे तिथे दोन्ही गोष्टी जुळून आल्या.

सावध

किमतींची चर्चा चालली आहे, तरी ही बंदी मुळात का आली याचा विसर पडू नये असे मला मनापासून वाटते, कारण त्यात आपल्या क्षेत्राचाही हात आहे.

फेब्रुवारी २०१८ मध्ये सिस्को या तंत्रज्ञान कंपनीच्या टालोस या सुरक्षा संशोधन गटाने युक्रेनच्या सायबर पोलिसांबरोबर केलेल्या तपासाची माहिती प्रसिद्ध केली. एक टोळी 'ब्लॉकचेन' आणि 'वॉलेट' अशा शोधशब्दांवर गुगलच्या जाहिराती विकत घेत होती. त्या जाहिरातींवर क्लिक केले की एका प्रसिद्ध वॉलेट सेवेच्या नावात एखादे अक्षर फिरवून केलेल्या डोमेनवर माणूस पोचत असे, आणि पान हुबेहूब तसेच दिसत असे. तीन वर्षांत ५ कोटी डॉलरहून अधिक रकमेची चोरी झाल्याचा अंदाज त्यात होता. ही फसवणूक जाहिरात आणि डोमेन नाव या दोन पायांवर उभी होती. एक पाय जाहिरात कंपन्यांनी त्यानंतर काढून घेतला. दुसरा पाय कोण विकत होते? अक्षर चुकवलेली नावे घाऊक भावात नोंदवून ठेवणारे आपल्यातलेच लोक त्यात नव्हते असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही.

माझ्याकडे अशी चार नावे होती. टायपिंगमधल्या चुकीमुळे येणाऱ्या पाहुण्यांसाठी ती मी घेतली होती आणि त्यात काही गैर आहे असे तेव्हा वाटले नव्हते. तो अहवाल वाचल्यावर मी ती विकायला काढली नाहीत. विकत घेणारा त्यांचे काय करील हे मला माहीत होते. मुदत संपू दिली असती तर ती दुसऱ्याने घेतली असती, म्हणून अजूनही नूतनीकरणाचे पैसे भरून ती रिकामी ठेवतो. हा खर्च कोणत्याच मूल्यमापनात बसत नाही.

अक्षरनाम (धागालेखक)

सावध, तुमचा प्रतिसाद वाचून मी पुन्हा वही उघडली. माझ्याकडे तसे एक नाव निघाले. त्याचे मी तुमच्यासारखेच करणार आहे.

उरलेल्या नावांचा निर्णय या धाग्यातल्या प्रश्नांवरून केला, तो सांगतो. एकूण ६२ नावे होती. ज्यांची कमाई फक्त पार्किंगची होती आणि ज्यांच्याबद्दल आजवर एकाही प्रत्यक्ष कंपनीने विचारले नाही, अशी ४१ नावे या वर्षी सोडून देतो आहे. 'करन्सी' शब्द असलेली सहा नावे नियमवाचक यांच्या प्रतिसादानंतर वेगळी काढली. त्यांतली दोनच ठेवतो, कारण ती बातम्या किंवा शिक्षण देणाऱ्या स्थळाला चालतील आणि तशा स्थळाला काही विकायचे नसते. दहा नावे छोटी, उच्चारायला सोपी आणि मुखपृष्ठ म्हणतात तशी अर्थाने मोकळी आहेत. ती ठेवणारच होतो. राहिलेल्या चारांवर अजून विचार चालू आहे.

त्या चारांपैकी एकाबद्दल तुमचा सल्ला हवा आहे. परवाना असलेल्या एका कंपनीने ते भाडेपट्ट्याने घ्यायची तयारी दाखवली आहे आणि तीन वर्षांनी विकत घेण्याचा पर्याय मागितला आहे. किमतीवर फारशी ओढाताण नाही. त्यांच्या वकिलांनी मात्र नावाचा पूर्वेतिहास मागितला, आणि जुन्या पानांच्या संग्रहात पाहिले तेव्हा कळले की माझ्या आधीच्या मालकाकडे असताना, २०१७ मध्ये, त्यावर एका टोकनाची प्रारंभिक विक्री झाली होती. ते नाव काही सुरक्षा यंत्रणांच्या काळ्या यादीत अजूनही आहे. जाहिरातीच्या मंचावर अशा नावाला परवानगी मिळेल का, ही त्यांची काळजी रास्त आहे. काळ्या यादीतून नाव कोणी काढून घेतले असेल तर त्यासाठी कोणती कागदपत्रे द्यावी लागली आणि किती काळ गेला, हे कृपया सांगावे.

जुनी_पाटी

जुगाराच्या एका नावाबाबत मी हे केले आहे. प्रत्येक यादी वेगळी चालवली जाते, त्यामुळे अर्जही वेगळे करावे लागतात. नाव तुमच्याकडे कोणत्या तारखेला आले ते दाखवणारी नोंदणीची पावती, सध्या त्यावर असलेल्या पानाचे चित्र आणि आधीच्या मालकाशी तुमचा संबंध नसल्याचे साधे निवेदन एवढे मी दिले होते. पार्किंगचे पान तसेच ठेवून अर्ज केला तेव्हा तो दोनदा नाकारला गेला. जाहिराती काढून, मालकाची ओळख आणि संपर्काचा मार्ग देणारे एक स्वच्छ पान लावले, तेव्हा पाच आठवड्यांत नाव मोकळे झाले. भाडेपट्ट्याच्या करारात मात्र एक कलम आवर्जून घाला: भाडेकरूच्या वापरामुळे नाव पुन्हा अशा यादीत गेले तर ते मोकळे करून परत देण्याची जबाबदारी आणि खर्च त्याचा राहील. माझ्या करारात ते नव्हते, आणि दुसऱ्या वेळचे पाच आठवडे माझ्या अंगावर आले.